माळ्यावरची ट्रंक आणि फर्हाबाईंची पत्रं

पुण्यात कोणी "ससूनला नेलंय" म्हणालं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. कधी नेलं, सोबत कोण आहे, डबा कोण देतंय. ससून कोण, हा प्रश्न त्यात नसतो. माझंही तसंच. भवानी पेठेत जन्म, सगळं आयुष्य त्याच भागात गेलं, स्टेशनला जाताना रिक्षावाल्याला "ससूनवरून घ्या" हजारदा म्हटलं असेल, पण या हॉस्पिटलचं नाव हे एका माणसाचं नाव आहे आणि तो माणूस तिथून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर, कॅम्पात, लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या आवारात पुरलेला आहे हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. आणि कळलं तेही गुळाच्या हिशेबामुळे.

सांगते.

मी मार्केट यार्डात एका अडत्याकडे अकाउंट्स बघते. पूर्वी कीर्द-खतावणी, आता टॅली, पण काम तेच, दुसऱ्यांचे कागद वाचायचे. आमच्या घरातही अडतच होती, माझ्या पणजोबांची, गुळाची. तेव्हा बाजार भवानी पेठ-नाना पेठेतच होता. पुढे धंदा बसला, आजोबा नोकरीला लागले आणि अडतीचं फक्त आडनावासारखं एक बिरूद उरलं. तीन वर्षांपूर्वी वाडा बिल्डरला दिला तेव्हा माळा रिकामा करताना एक पत्र्याची ट्रंक निघाली. आत लाल खारव्यात बांधलेले कागदांचे चार गठ्ठे आणि दोन लांबट वह्या. सगळं मोडी लिपीत.

आता मोडी म्हणजे आमच्या घरात कोणालाच येत नाही. आजी जिवंत असताना ट्रंकेचा विषय निघाला की ती म्हणायची, "कर्जाचे कागद असतील, उघडू नका, निघालं तर फेडावं लागेल." माझ्या चुलतभावाचा अंदाज नेमका उलटा, कऱ्हाडला जमीन असणार आणि हे त्याचे कागद. म्हणजे एकाच ट्रंकेत आजीला देणं दिसत होतं आणि भावाला येणं. वाचता न येणाऱ्या कागदाचं हे एक आहे, त्यात आपल्याला पाहिजे ते असतं.

शेवटी सदाशिव पेठेतले एक रिटायर्ड मास्तर सापडले, पानाला पन्नास रुपये घेऊन मोडी वाचून देतात. टेबलावर भिंग, शेजारी चहाचा कप, आणि कप कागदापासून लांब ठेवायची सक्त ताकीद. पहिलं पत्र उघडलं. शके १८३०, म्हणजे १९०८. कऱ्हाडहून पणजोबांच्या धाकट्या भावाचं. भाऊ खुर्चीच्या टोकावर बसलेला. मास्तर वाचायला लागले, "तीर्थरूप दादा यांचे सेवेसी साष्टांग नमस्कार विनंती उपरी. ढेपा बहात्तर पाठविल्या पैकी तीन फुटल्या म्हणोन पट्टीत वजा धरल्या ते मान्य नाही."

जमीन नाही, कर्ज नाही, तीन ढेपा. पुढे गुळाचा भाव, पाऊस, बैलाचा पाय, आणि अगदी शेवटी, कळावेच्या वरच्या ओळीत, "धाकटीस खोकला आहे, उतार नाही, पुण्यास दाखवावे असे सर्वांचे मते ठरते, तरी कळविणे."

भाऊ उठून गेला. मी बसले. धाकटी कोण हे आमच्या घरात कोणालाही माहीत नाही. नावसुद्धा नाही, धाकटी एवढंच.

त्याच सुमाराला एका मैत्रिणीने मला एका व्याख्यानाला ओढून नेलं, मुंबईतल्या बगदादी ज्यूंवर. माझा काही इंटरेस्ट नव्हता खरं सांगायचं तर, पण नंतर मिसळ कबूल केली होती तिने. आणि मध्येच पडद्यावर एका व्यापारी पत्राचा फोटो आला. बारीक आकड्यांसारखी अक्षरं, एकाला एक चिकटलेली, घाईत लिहिलेली. मी मैत्रिणीला कोपर मारून म्हटलं, "अगं, मोडी!" मोडी नव्हती. लिपी हिब्रू होती, हाताने लिहायची वळणदार हिब्रू, उजवीकडून डावीकडे, आणि भाषा अरबी, तीही बगदादच्या ज्यूंच्या घरात बोलली जाणारी. ससून घराण्याचे लोक आपसात अशी पत्रं लिहायचे. मुंबई, शांघाय, हाँगकाँग, इराणातलं बुशहर, लंडन, जिथे जिथे पेढी तिथून तिथे. अरबी येणाऱ्याला लिपी कळायची नाही, हिब्रू वाचणाऱ्याला भाषा कळायची नाही, आणि इंग्रज प्रतिस्पर्ध्याच्या हाती पत्र लागलंच तर त्याने ते उलटं धरलं काय आणि सुलटं धरलं काय. कुलूप म्हणून याच्याइतकं स्वस्त कुलूप नाही.

तिथून मी या लोकांच्या नादी लागले.

मूळ पुरुष डेव्हिड ससून. जन्म १७९२, बगदादचा. वडील तिथल्या पाशांचे, म्हणजे तुर्की सुभेदारांचे, खजिनदार आणि ज्यू समाजाचे प्रमुख, म्हणजे घरात पैसा आणि पुढारपण दोन्ही आधीपासूनच होतं. मग पाशाची मर्जी फिरली, आणि ती फिरली की काय होतं हे आपल्याला पेशवाईवरून चांगलं माहीत आहे. डेव्हिड पळाला, आधी बुशहर, मग १८३२ मध्ये मुंबई. चाळिशीत, नव्या गावात, शून्यातून नाही म्हणता येणार पण शून्याच्या बऱ्यापैकी जवळून सुरुवात. आठ मुलगे. एकेकाला वेगवेगळ्या बंदरात बसवलं, दुसरा मुलगा इलायस १८४४ मध्येच चीनला रवाना. १८५३ मध्ये डेव्हिड ब्रिटिश प्रजाजन झाला तेव्हा त्याने कागदावर सही केली ती हिब्रूत, इंग्रजी लिहिता येत नव्हतं. १८६४ मध्ये पुण्यात वारला. ससून हॉस्पिटल आणि लाल देऊळ, दोन्ही १८६७ मध्ये पुरी झाली, त्याला बघायला मिळाली नाहीत. मुंबईत काळा घोड्याच्या लायब्ररीत शिरलं की त्याचा पुतळा दिसतो, पण लोक येतात ते वरच्या गॅलरीतल्या आरामखुर्च्यांवर दुपारी डुलकी काढायला. मीही काढली आहे. आणि ज्या घोड्यामुळे त्या भागाला काळा घोडा म्हणतात तो प्रिन्स ऑफ वेल्सचा पुतळा मुंबईला दिला डेव्हिडच्या थोरल्या मुलाने, अल्बर्टने. ससून डॉकही त्याचंच, १८७५ चं. म्हणजे नाव सगळीकडे आहे, हॉस्पिटल, गोदी, लायब्ररी, आणि माणूस कुठेच नाही. नाव इतकं वापरात आलं की झिजून गेलं, जुन्या ढब्बू पैशासारखं.

माणूस सापडतो तो कागदांत. आणि मला त्या सगळ्या गोतावळ्यात सापडली ती फर्हा.

फर्हा म्हणजे अरबीत आनंद. जन्म १८५९, मुंबई. हिची आई अल्बर्टची मुलगी, म्हणजे फर्हा ही डेव्हिड ससूनची पणती. आणि १८७६ मध्ये तिचं लग्न झालं डेव्हिडच्याच एका धाकट्या मुलाशी, सॉलोमनशी, म्हणजे ती सूनही. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, हे त्याच्याही पुढचं. पण धंद्याच्या घराण्यात लग्न हाही एक व्यवहार असतो, भांडवल बाहेर जाऊ द्यायचं नाही. सॉलोमन मुंबईची पेढी सांभाळायचा. बाकीचे बहुतेक भाऊ एकेक करून इंग्लंडला जाऊन बसले होते, आर्थर आणि रूबेन तर प्रिन्स ऑफ वेल्सच्या खास मैत्रीतले. तिकडे रेस, मेजवान्या, शिकारी. इकडे कापूस, अफू, गोदामं, व्याज. असं कोणत्याही एकत्र कुटुंबात असतंच, एक भाऊ दुकानात बसतो आणि बाकीचे हिस्सा मागतात.

१८९४ मध्ये सॉलोमन गेला. फर्हा पस्तिशीची, तीन मुलं. रॅशेल, डेव्हिड आणि धाकटी मोझेल. मोझेल आजारी असायची, लहानपणापासून अंथरुणाला खिळल्यासारखी. अशा वेळी त्या काळच्या बाईने काय करायचं हे ठरलेलं होतं, मग ती ज्यू असो नाही तर सदाशिव पेठेतली. फर्हा पेढीवर जाऊन बसली. डेव्हिड ससून अँड कंपनी, जिच्या शाखा अर्ध्या आशियात, तिची मुंबईची सूत्रं तिने हातात घेतली आणि सात वर्षं चालवली.

मी हिशेबाच्या लाइनमधली बाई आहे म्हणून मला यातला एक भाग जरा जास्त कळतो. नवरा गेल्यावर सही कोणाची, हा पहिला प्रश्न असतो. बँक विचारते, दलाल विचारतो, गोदामवाला विचारतो. यार्डात मी दोन बायका बघितल्यात ज्या नवऱ्यामागे गाळ्यावर बसल्या, आणि दोघींनाही पहिले सहा महिने लोक बोलताना त्यांच्या मागे बघून बोलायचे, मागे कोणी पुरुष उभा असेल म्हणून. फर्हाच्या बाबतीत तो मागचा पुरुष लंडनला होता, एक नाही, तिघे-चौघे. त्यांच्याशी तिचा सगळा व्यवहार पत्राने. १८७० पासून मुंबई-लंडन थेट केबल होती, भाव तारेने लगेच कळायचे, पण तारेत भाव मावतो, रुसवा मावत नाही. तो पत्रातच घालावा लागतो. आणि ते सगळं त्या बगदादी अरबीत, हिब्रू अक्षरांत. म्हणजे मुलींना शिकवून काय करायचंय म्हणणाऱ्या काळात कोणीतरी या मुलीला ती लिपी नुसती वाचायला नाही, तर धंदा करण्याइतकी लिहायला शिकवली होती. हिब्रू धर्मग्रंथ ती पंडितासारखे वाचायची, शिवाय हिंदुस्तानी, इंग्रजी, फ्रेंच वगैरे. पुढे १९२४ मध्ये लंडनच्या ज्यूज कॉलेजात, जिथे रब्बी म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू तयार होतात, तिथल्या समारंभात अध्यक्ष म्हणून तिचं भाषण झालं. आधी कुठल्या बाईला तो मान मिळाला नव्हता. प्रवासाला निघाली की सोबत स्वतःचा खाटीक, धर्मनियमाप्रमाणे कापणारा. आमच्या आजीने काशीयात्रेला पाण्याची कळशी नेली होती, त्याची आठवण झाली.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सुरू झाला. पुणेकरांना प्लेग म्हटलं की रँडच आठवतो, पण मुंबईत त्याच दिवसांत भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ, वाल्डेमार हाफकिन, लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरायचे, सुईत काय असेल कोण जाणे, धर्म बाटेल, पोरं होणार नाहीत. कोविडमध्ये आपण हेच सगळं परत ऐकलं, व्हॉट्सऍपवर, चांगल्या शिकलेल्यांकडून. फर्हा हाफकिनच्या बाजूने उभी राहिली, स्वतः टोचून घेतलं आणि लोकांनाही तयार केलं. पेढीची मालकीण असण्याचा हा उपयोग. शेठाणीने टोचून घेतलं म्हटल्यावर गुमास्त्यांना नाही म्हणता येत नाही.

इथपर्यंत मला ही बाई फार आवडत होती. मग अफू आली.

ती लपवून चालणार नाही. ससूनांचा पैसा कापसाचा होता, तसा अफूचाही होता, आणि अफूचा भरपूर होता. माळव्यात पिकायची, मुंबईहून जहाजात चढायची, चीनमध्ये उतरायची. डेव्हिडच्या काळात सुरू झालेला हा धंदा फर्हाच्या काळातही चालू होता, कायदेशीर होता, सरकार त्यावर कर घ्यायचं, मुंबईतले पारशी, गुजराती, मारवाडी सगळेच त्यात होते. पण हॉस्पिटल बांधणारा हात आणि पेट्या चढवणारा हात एकच. पत्रांत हे दोन्ही एकाच दमात येतं म्हणतात, अफूचे भाव आणि कुणाला किती दान पाठवायचं. मला याचं आश्चर्य वाटलं नाही आणि आश्चर्य वाटलं नाही याचंच थोडं वाईट वाटलं. कारण आमच्या लाइनमध्ये "धर्मादाय" नावाचा एक कॉलम असायचा. शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई, वाराई कापायची तशी दोन पैसे धर्मादायही कापायची. त्यातून मग अडत्या पाणपोई बांधणार, देवळाला पायऱ्या करणार आणि पायरीवर नाव अडत्याचं. पैसे गेले शेतकऱ्याचे, पुण्य खात्यावर जमा शेठजींच्या. ससूनांच्या पेढीतही व्यवहारामागे धर्मादायाचा वाटा बाजूला काढायची रीत होती. हे वाचलं तेव्हा मी मनात म्हटलं, म्हणजे अडत जगात सगळीकडे सारखीच.

हे सगळं मी रास्ता पेठेतल्या आमच्या ओळखीच्या एका काकूंना उत्साहाने सांगायला गेले. काकू बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून आले असं जे सांगतात ते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली. आडनावं बहुतेक करान्त, घरात मराठी, मलिद्याला पोहे आणि ओलं खोबरं. मला वाटलं ससून म्हटल्यावर काकूंचा चेहरा फुलेल. काकू भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "ते बगदादी गं. ते आम्हाला आपल्यातले नव्हते समजत." एवढंच, आणि मेथीची पुढची जुडी घेतली. खरं आहे ते. मुंबईतल्या बगदादी मंडळींनी १८३६ मध्येच अर्ज केला होता, दफनभूमीत आमच्या आणि यांच्या कबरींमध्ये भिंत घाला म्हणून. बेने इस्राएलांनी काळ्या मातीतल्या माणसांसारखं मराठी आपलं केलं, मराठीत कीर्तनं लिहिली, आणि बगदादी लोक कुलूपबंद लिपीत पत्रं लिहीत राहिले. काकूंच्या कपाटात त्यांच्या बहिणीची इस्राएलहून, दिमोनाहून आलेली पत्रं आहेत, निळ्या एरोग्रामवर. सगळी बाळबोध मराठीत. "इथे कोथिंबीर मिळते पण वास नाही" असं एक वाक्य त्यांनी मला वाचून दाखवलं. ती पत्रं मला वाचता येतात, काकूंच्या नातवाला येत नाहीत, तो इंग्लिश मीडियमचा.

परत लिपीकडे येते, कारण माझं घोडं तिथेच अडलंय.

कुलूप दुसऱ्यासाठी लावलं होतं, पण दोन पिढ्यांत ते घरच्यांनाच लागलं. ससूनांची पुढची मंडळी अस्सल इंग्रज झाली. पहिल्या महायुद्धावर कविता लिहिणारा सीगफ्रीड ससून हा डेव्हिडचा पणतू, त्याच्या बापाने ख्रिश्चन मुलीशी लग्न केलं म्हणून घराने त्याला तोडलं होतं. त्याच्यापुढे पणजोबांचं पत्र ठेवलं असतं तर आमच्या भावाने ट्रंकेकडे बघितलं तसंच त्याने बघितलं असतं. धंदा बुडाला, मिल्स विकल्या गेल्या, भायखळ्याचा सॅन्स सूसी वाडा, तिथे आता मसीना हॉस्पिटल आहे. पत्रं राहिली. आज ती जेरुसलेमला, इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. हाफकिनचे कागदही तिथेच आहेत, म्हणजे भायखळ्यात ज्यांची गाठ पडली ते शेवटी एकाच इमारतीत येऊन थांबले. अलीकडे बगदादमध्येच जन्मलेल्या, ससून आडनावाच्याच एका इतिहासकाराने ती पत्रं वाचून काढली म्हणून तर आपल्याला फर्हा कळली. नाहीतर माझ्यासारखीला ती "सॉलोमनची विधवा" एवढीच कळली असती, दोन ओळींची.

ज्यूंमध्ये देवाचं नाव असलेला कागद फेकत नाहीत, देवळातल्या एका खोलीत टाकून ठेवतात आणि नंतर पुरतात. गनिझा म्हणतात त्या खोलीला. आपल्याकडे कागदाला पाय लागला की आपण हात लावून डोळ्याला लावतो, त्यातलंच. कैरोच्या अशा एका खोलीत शतकानुशतकांचे लाखो तुकडे साठले होते आणि त्यात मंगळूरला राहून पितळेची भांडी घडवून घेणाऱ्या बाराव्या शतकातल्या ज्यू व्यापाऱ्याची पत्रं निघाली. हिब्रू लिपी, अरबी भाषा. म्हणजे ससूनांच्या आधी सातशे वर्षं आपल्याच किनाऱ्यावरून असली पत्रं जात होती, आणि त्यातही माल खराब आला, पैसे आले नाहीत, तब्येत बरी नाही.

फर्हाचा मुलगा डेव्हिड मात्र वेगळाच निघाला. मुंबईत वाढलेला, धंद्यात मन नाही, जुन्या हस्तलिखितांचं वेड. आठ वर्षांचा असताना आपला पतंग देऊन त्याने कोणाकडून तरी एक जुनं धर्मपुस्तक घेतलं असं सांगतात. पतंग देणं म्हणजे काय हे संक्रांतीत गच्चीवर वाढलेल्याला कळेल. पुढे त्याने हजारावर हस्तलिखितं जमवली. त्यातलं एक, सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचं हिब्रू बायबल, १९२९ मध्ये ३५० पौंडांना घेतलेलं, ते मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात तीन कोटी एक्याऐंशी लाख डॉलरना गेलं. मुलाने जमवलेल्या पुस्तकाला एवढी बोली लागली. आईने लिहिलेल्या पत्रांना कोण बोली लावणार, त्यात कापसाचा भाव आहे. पण मला विचाराल तर, म्हणजे कोणी विचारत नाही, मी पत्रं घेईन.

१९०१ मध्ये डेव्हिड ससून अँड कंपनीची लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी फर्हा मुलांना घेऊन लंडनला गेली आणि तिथे ती फ्लोरा झाली. मोझेलच्या उपचारांसाठी गेली असं कारण सांगतात. असेलही. आजारी मुलीसाठी आई काहीही करते. पण सात वर्षं पेढी चालवलेली बाई, आणि कंपनी लिमिटेड होऊन डायरेक्टर-बोर्ड आल्याबरोबर तिचं मुंबईतलं काम संपतं, हे दोन प्रसंग एकाच वर्षात आले की आमच्या लाइनमधला माणूस जरा थांबून बघतो. ताळेबंद जुळतो आहे, पण एक नोंद कोणीतरी नंतर घातलेली वाटते. लंडनमध्ये ती ३५ वर्षं जगली, मान मिळाला, मोठमोठे रब्बी तिच्याशी पत्रव्यवहार करायचे, दानधर्म अखंड. १९३६ मध्ये गेली. पेढीवर मात्र परत बसली नाही.

मी मास्तरांकडे जात राहिले. पहिल्या वर्षी पत्रं संपवली. मोडी पत्रांत मुसलमानी महिने असायचे, रबिलाखर, जमादिलावल, हे मला तोवर माहीत नव्हतं, मास्तरांनी पेशवाईतली एक नक्कल काढून दाखवली. म्हणजे आपल्या मोडी लिपीत अरबी महिने आणि त्यांच्या हिब्रू लिपीत अरबी भाषा. मास्तरांना मी फर्हाबद्दल सांगितलं तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ऱ्हस्व-दीर्घ करतात का त्यांच्यात?" म्हटलं, त्यांच्यात स्वर बहुतेक लिहीतच नाहीत. मास्तर खूश. "म्हणजे काकाजी अजमेर गये." काकाजी अजमेर गये असं मुनिमाने लिहिलं आणि घरच्यांनी काकाजी आज मर गये वाचून रडारड केली, हा व्यापारी लिपीवरचा जुना विनोद, तो त्यांनी मला त्यानंतर चार वेळा सांगितला.

पत्रांत धाकटीचा परत उल्लेख नाही. पणजोबांचा भाऊ पुढच्या सगळ्या पत्रांत फक्त ढेपांवर भांडतोय. पणजोबांची उत्तरं अर्थातच कऱ्हाडला गेलेली, ती आपल्याकडे नाहीत. माझा असा समज झाला की गेली असणार पोर, त्या काळी जायचीच.

मग गेल्या पावसाळ्यात वह्या काढल्या. कीर्द, शके १८३०. इथे मास्तरांची गरज कमी लागली, कारण मोडीतले आकडे बाळबोधच असतात, आणि कीर्दीची मांडणी मला झोपेतही कळते. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. बोटाने खाली येत गेले. हमाली. सुतळी. दिव्याचं तेल. मग भाद्रपदात एका ओळीपुढे पाऊणकीच्या तीन उभ्या रेघा, बारा आणे, आणि शब्द मला येईना. मास्तरांनी भिंग धरलं. "धाकटी, औषध." पुढच्या पानावर, "टांगा, ससून, चार आणे." दोन दिवसांनी परत, "टांगा, ससून, चार आणे." परत. एकंदर सहा वेळा. दूध अर्धा शेर, तेही धाकटीच्या नावे. मध्येच गुळाच्या तीन ढेपा कऱ्हाडच्या खात्यावर परत जमा धरलेल्या, म्हणजे भांडण मिटलं होतं, किंवा आजारी पोर घरात असताना पणजोबांना भावाशी तीन ढेपांवरून भांडवलं नसेल.

आश्विनात टांगा थांबतो. औषध थांबतं. मी पान उलटायला तयार नव्हते, मास्तरांनी उलटलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, झेंडूची फुलं एक आणा, त्याखाली दोन आणे, आणि एक शब्द. मास्तर बराच वेळ बघत होते.

"बागड्या लिहिलंय," ते म्हणाले. "धाकटीस बागड्या."

"मास्तर, मोडीत अनुस्वार सोडतात ना?"

"सर्रास," ते म्हणाले, आणि भिंग माझ्याकडे दिलं.